कारखान्याचा मेंढा

आसन म्हणजे बूड टेकण्याची सोय, एवढाच अर्थ ज्यांच्या मनात असेल त्यांनी आमच्या बेसेक्रोम गावातला एखादा शनिवार पाहावा. मृताला निरोप देण्याचा तो दिवस. तांबडी-काळी वस्त्रे ल्यालेली माणसे आसपासच्या खेड्यांतून येतात आणि मांडवाखाली चौकोन धरून बसतात. एक कुळ उठते, उजवीकडून डावीकडे प्रत्येकाचा हात हाती घेत सारा चौकोन ओलांडते आणि स्वस्थानी परतते. मग दुसरे उठते. ढोल चालू असतो, शोक चालू असतो, आणि त्या शोकातही कोणाला कुठे बसवले, कशावर बसवले हे प्रत्येक डोळा टिपत असतो. मृताच्या घरच्यांनी काय खाऊ घातले ते लोक आठवड्याभरात विसरतात. कोणाला उभे ठेवले ते नातवंडांनाही सांगतात.

या आसनांची व्यवस्था आमच्या पंचक्रोशीत अकुआ न्यार्कोआ पाहते. वय साठीच्या उंबरठ्यावर, देह रुंद, चालीत घाई नाही. सारे तिला मामे अकुआ म्हणतात. मामे म्हणजे आई. प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने देणे हा तिचा धंदा, परंतु धंदा हा शब्द तिच्यासमोर उच्चारण्याची सोय नाही. तिच्या आईच्या निरोपाला घरात खुर्च्या नव्हत्या. पाहुण्यांना सिमेंटच्या विटांवर फळ्या टाकून बसवावे लागले, आणि कुमासी शहराहून आलेली एक दूरची नातलग जाताना म्हणाली, "छान झालं हो सगळं! दगडांवर बसायची सवय मोडली होती, ती पुन्हा लागली." ते वाक्य अकुआला गिळता आले नाही, थुंकताही आले नाही. कसावाच्या कंदांचे शेत आणि बाजारातला केंकीचा, म्हणजे मक्याच्या आंबवून शिजवलेल्या गोळ्यांचा, ठेला यांतून जे मागे पडले त्याच्या तिने खुर्च्या घेतल्या. प्रथम चार, मग आणखी काही, आणि पुढे परसातली अख्खी पडवी त्यांनीच भरली.

तिचे त्या खुर्च्यांशी वागणे पाहण्यासारखे होते. मांडव उठला की प्रत्येक खुर्ची साबणाने आणि लिंबाच्या सालीने धुतली जाई. "जिच्यावर बसून माणूस रडला, ती तशीच रचून ठेवू नये," असे ती म्हणे. मांडणीतही तिचा एक नेम होता. नव्या खुर्च्या पुढच्या रांगेत, वृद्धांना आणि मानकऱ्यांना. जुन्या मागे, तरुणांना. नवे ते ज्येष्ठांना हा तिचा धर्म होता, आणि आमच्यापैकी कोणीही तिच्या जागी असता तरी त्याने दुसरे काही केले नसते. पुढे जो अनर्थ घडला तो अनादरातून घडला नाही, आदरातून घडला. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुष्कळांनी ते सोयीस्करपणे विस्मृतीत टाकले आहे.

कोकोचा जुना खरेदीदार क्वाकू ग्याम्फी वारला, त्याच्या निरोपाच्या शनिवारची ही गोष्ट. आमच्या गावाच्या गादीवर नाना आम्पोन्सेम आहेत. नाना हे इथे गादीवरच्या पुरुषाचे संबोधन, आणि मराठी कानाला त्यात परके काही वाटू नये. त्यांची स्वतःची खुर्ची आहे, काळ्या लाकडाची, पितळी खिळ्यांनी मढवलेली. ते जिथे जातील तिथे ती त्यांच्याआधी जावी अशी रीत आहे. ती वाहून नेण्याचे उत्तरदायित्व आसनवाहकांचा प्रमुख ओपान्यिन, म्हणजे वडीलधारा, अमान्क्वा याचे. त्या दिवशी त्याच्या हाताखालचे दोघे वाहक फुटबॉलचा सामना पाहायला कुमासीला गेले होते. अमान्क्वाने नानांना सांगितले, "नाना, जड खुर्ची कशाला हलवायची? मामे अकुआच्या नव्याकोऱ्या खुर्च्या आल्यात. कापसावर बसल्यासारखं वाटेल." नानांनी मान डोलावली. नाना वयोवृद्ध आहेत, आणि वयोवृद्धांना कधीकधी सोयच विवेकासारखी दिसते.

अकुआने स्वतःच्या हाताने सर्वांत शुभ्र खुर्ची निवडली, पदराने पुसली आणि मध्यभागी ठेवली. नाना बसले. दोन कुळांनी येऊन हात मिळवले. तिसऱ्या कुळाचा वृद्ध हात पुढे करून वाकला, नाना किंचित पुढे झुकले, आणि खुर्चीचा पुढचा पाय वाळलेला भोपळा फुटावा तसा कडकन मोडला. खुर्ची वाकली नाही, तडकली. नाना बूड टेकून मातीत बसले.

ढोल थांबला. गादीवरच्या पुरुषाचे अनवाणी पाऊलदेखील मातीला लागू नये असा आमचा दंडक. मग बूड लागणे म्हणजे काय, हे सांगायला नको. ते एका म्हाताऱ्याचे पडणे राहत नाही. त्याच्यामागे उभे असलेले सारे पूर्वज त्याच्यासह मातीत बसतात, आणि मेंढ्याच्या रक्ताने क्षमा मागितल्याशिवाय उठत नाहीत. चौघांनी वस्त्रे पसरून नानांना आडोसा केला. त्या आडोशाआडून पहिला आवाज आला तो अमान्क्वाचा. "कोणाची खुर्ची ही? अकुआची ना? बोलवा तिला!"

ज्याने गादीचे आसन घरी ठेवले, त्याने हा प्रश्न विचारला. आणि त्या गर्दीत त्याला उलट प्रश्न विचारणारे एकही मुख नव्हते. माझेही नव्हते.

सोमवारी नानांच्या वाड्याच्या अंगणात पंचायत भरली. आमच्याकडे नानांशी कोणी थेट बोलत नाही. हाती सुवर्णमुठीची काठी घेतलेला त्यांचा भाषक, म्हणजे ओक्येमे, दांक्वा मध्ये असतो. नानांचे शब्द तो आपल्यापर्यंत आणतो आणि आपले शब्द जरा विंचरून नानांपर्यंत नेतो.

"अकुआ, नानांच्या कानी असं आलंय," ओक्येमे म्हणाला, "की तू त्यांना जमिनीवर बसवलंस."

"ओक्येमे, नानांच्या कानी घाला. मी त्यांना खुर्चीवर बसवलं. जमिनीवर खुर्चीने बसवलं."

"वा, वा!" अमान्क्वा उसळला. "उद्या म्हणशील, विष मी नाही घातलं, रश्श्याने घातलं!"

लोक हसले. अकुआ हसली नाही. "ओपान्यिन, रस्सा मी शिजवते. खुर्ची मी शिजवली नाही."

पण पंचांचे मन ठरलेले होते. दोन मेंढे, श्नॅप्स दारूची एक बाटली, आणि सर्वांसमोर उभे राहून दोन शब्द: दोष माझा. पूर्वजांच्या पूजेचा रविवार येण्यापूर्वी हे व्हायला हवे. न झाल्यास या गादीखालच्या कुठल्याही खेड्यात अकुआच्या खुर्च्या मांडल्या जाणार नाहीत.

मेंढे तिने आणले असते. तिला अडवत होते ते दोन शब्द. ज्या बाईने आयुष्यभर इतरांची बसायची लाज राखली, तिने 'नानांना मातीत मी बसवले' असे स्वमुखाने म्हणायचे, आणि ते वाक्य तिच्या नावाला कायमचे चिकटायचे. प्रतिष्ठा या शब्दाचा मूळ अर्थच मुळी घट्ट पाय रोवून उभे राहणे असा आहे. आणि इथे सगळ्यांनी मिळून एका प्रामाणिक बाईच्या पायाखालचेच काढून घ्यायचे ठरवले होते.

दुसऱ्या दिवशी नळावर बायकांनी गाठलेच.

"मामे, आमच्या म्हाताऱ्याचं आहे पुढच्या महिन्यात. खुर्च्या नकोत हां. चटया आहेत का?"

"खुर्चीबरोबर उशी देतेस की नाही आता? पडणाऱ्यासाठी?"

"हसा गं," अकुआ घडा डोक्यावर घेत म्हणाली. "तुमच्या नवऱ्यांना मी पंधरा वर्षं बसवलंय. त्यांतला एक तरी पडला का? आणि त्यांतले निम्मे तर पिऊन आलेले असायचे."

हा विनोद होता, परंतु विनोदातच तिला धागा सापडला. खरेच, मागच्या रांगेतल्या जुन्या खुर्च्यांवरून कधी कोणी पडले नव्हते. मोडलेल्या खुर्चीचे तुकडे तिने फडक्यात बांधले, एका जुन्या खुर्चीचा पूर्वीच निखळलेला हात त्यात घातला आणि ती झोंगो मोहल्ल्यात बाबा तांकोकडे गेली. तांको उत्तरेकडचा मुसलमान, भंगारातले प्लास्टिक विकत घेऊन, दळून, वितळवून पुढे विकणारा. तुकडे विकून त्यांचे तोंड पाहणे टाळावे, आणि जमले तर नव्या-जुन्यातला फरकही विचारावा, असा तिचा हेतू होता.

तांकोने नवा तुकडा हातात तोलला आणि परत दिला. "हा ने, मामे. मी दगड घेत नाही."

"दगड? डोळे आलेत का तुमचे? खुर्ची आहे ही."

"डोळ्यांना खुर्ची दिसते. पाण्याला विचार." त्याच्या दाराशी पाण्याचे पिंप होते. त्याने जुन्या खुर्चीचा हात त्यात टाकला. तो गटांगळी खाऊन वर आला आणि तरंगू लागला. मग नवा तुकडा टाकला. तो सरळ तळाशी गेला, जणू तिथलाच रहिवासी.

अकुआ वाकून पाहत राहिली. "काय आहे यात?"

"पांढरी भुकटी. चुनखडीचा, संगमरवराचा दगड दळून करतात. कारखानेवाले फिलर म्हणतात. सगळेच घालतात गं. बेताने घातली तर खुर्ची तरंगतेही आणि ताठही राहते. पण हल्ली काहीजण खुर्चीत भुकटी घालत नाहीत. भुकटीत खुर्ची घालतात."

"हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे, बाबा?"

"ह्या वर्षाच्या मालापासून. अख्ख्या झोंगोला ठाऊक आहे. तळाशी जातं ते आम्ही घेतच नाही. वितळवलं तर यंत्राच्या जाळ्या बुजतात."

"आणि कोणी बोललं नाही?"

"आम्हाला कोण विचारतं, मामे? आमच्याकडे वस्तू येते तेव्हा ती मेलेली असते."

अकुआ पिंपाच्या कडेला टेकली. "म्हणजे एवढं करून मी लोकांना पुन्हा दगडावरच बसवलं होतं," ती म्हणाली.

इथे क्षणभर थांबून त्या भुकटीला न्याय दिला पाहिजे, कारण संताप अनावर झाला की माणूस निरपराधालाही झोडपतो. दगडाची ती भुकटी पापी नाही. युगानुयुगे समुद्रतळाशी निजलेल्या शिंपल्या-कवड्यांची ती माती. मनुष्याने ती भिंतीला फासली, विड्यात खाल्ली, औषधात घेतली. प्लास्टिकमध्ये ती मर्यादेने गेली तर लवचिकाला ताठपणा देते, सामानाला बळ देते आणि गरिबाला परवडेल अशी खुर्चीही देते. औषध आणि विष यांच्यात द्रव्याचा भेद नसतो, मात्रेचा असतो; आणि मात्रा ठरवणारा हात मनुष्याचा असतो. ज्याने मूठभर घालायची तिथे घमेले ओतले त्याला ठाऊक होते की त्याच्या आसनावर वृद्ध बसणार, गर्भिणी बसणार, शोकाने ज्यांच्या गुडघ्यांतले बळ गेले आहे ते बसणार. त्याला हेही ठाऊक होते की खुर्ची मोडेल तेव्हा तो तिथे नसेल. हे गणित आंधळेपणाने झालेले नाही. डोळे उघडे ठेवून, वातानुकूलित खोलीत बसून केलेले आहे. त्याला चूक म्हणणे हा चुकीचा अपमान आहे.

अकुआ कुमासीच्या वेशीवरच्या त्या कारखान्यात गेली. विक्री-व्यवस्थापक अडोटे नावाचा, किनाऱ्याकडचा, तलम शर्टातला गृहस्थ होता. त्याने तिला पाणी दिले, खुर्ची दिली. ती खुर्ची लोखंडी होती, हे अकुआने पाहून ठेवले.

तिने फडके सोडून तुकडे त्याच्या मेजावर मांडले. "ही तुमची. हिच्यावरून आमचे नाना पडले."

"अरेरे! लागलं नाही ना फार?"

"शरीराला नाही."

"मग देवाची कृपा." अडोटेने तुकडा बोटाने उलटला. "मदाम, एक विचारू? रागावू नका. तुमचे नाना वजनाने कसे आहेत?"

"नानांसारखे आहेत."

"नाही, म्हणजे भरदार? कसं असतं, प्रत्येक खुर्चीला भाराची मर्यादा असते. आणि झुकून बसले असतील तर मग..."

"शोकाला आलेल्याचा हात धरायला झुकले होते. तुमच्याकडे काय, मयताला ताठ बसतात?"

अडोटे हसला. त्याला ती बाई मनापासून आवडली असावी. असे लोक ज्यांना फसवतात त्यांच्यावर पुष्कळदा प्रेमही करतात.

"यात दगडाची भुकटी किती घालता?" तिने विचारले.

"फिलर? जगात सगळीकडे घालतात, मदाम. शास्त्रीय गोष्ट आहे ती."

"घालता का, ते नाही विचारलं. किती घालता?"

"ते... बाजारावर अवलंबून असतं. तेल महागलं की प्लास्टिक महागतं. तुम्हालाच स्वस्त खुर्ची हवी असते ना?"

"मी कधी म्हटलं, मला मोडणारी द्या?"

यावर त्याने औदार्य दाखवले. गोदामातून एक नवी शुभ्र खुर्ची मागवली. "ही घेऊन जा. आमच्याकडून भेट. नानांना बसवा, माझा नमस्कार सांगा. आणि जरा बेताने बसा म्हणावं."

पुढे ही हकीकत ऐकताना मला वाटले, तिने तिथेच ती खुर्ची भिरकावून दिली असेल. तिने तसे केले नाही. खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि निघाली. त्रोत्रोच्या, म्हणजे आमच्या भाड्याच्या व्हॅनच्या दाराशी लोंबकळणारा वाहक ओरडला, "मामे, खुर्चीचं वेगळं तिकीट!"

"कशाला? ती बसणार नाही. तिला बसवून घेताच येत नाही."

पूजेच्या रविवाराआधीची शेवटची बैठक भरली. अंगणात मेंढे नव्हते. अकुआ आली ती डोक्यावर खुर्ची घेऊन. तिने ती अंगणाच्या मध्यभागी ठेवली आणि बाजूला उभी राहिली.

"अकुआ," ओक्येमे म्हणाला, "नाना विचारतात, मेंढे कुठे आहेत?"

"ओक्येमे, मी कारखान्यात गेले होते. त्यांचं उत्तर घेऊन आलेय. हे ते उत्तर."

"तोंडी काय म्हणाले?"

"ते जसंच्या तसं सांगितलं तर तुम्हाला ते फार विंचरावं लागेल."

"सांग. विंचरणं माझं काम आहे."

"म्हणाले, दोष खुर्चीत नाही, बसणाऱ्यात आहे. नाना भरदार आहेत का विचारलं. ही खुर्ची भेट दिली, आणि नानांना म्हणावं, जरा बेताने बसा."

ओक्येमे दांक्वा वाक्ये सुंदर करण्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. तो नानांकडे वळला. त्याला त्या वाक्याचे काहीच करता आले नाही. नानांनी ते ऐकलेच होते. अंगणात कुजबुज उठली.

अमान्क्वाला वाटले, गाडी आपल्या हातून निसटते आहे. "शब्द कोणीही आणेल! नव्या खुर्चीला काय झालंय? चांगली पांढरीशुभ्र आहे. तुझ्याकडच्या कोंदट पडवीत ठेवून ठेवून त्या कुजल्या असतील!"

अकुआ वळली. बोलली ओक्येमेशीच, पण पाहत होती अमान्क्वाकडे. "ओक्येमे, नानांच्या कानी घाला. ही खुर्ची माझ्या पडवीत एक रात्रही राहिलेली नाही, कारखान्यातून सरळ इथे आली आहे. ज्यांना वाटतं दोष माझा आहे, त्यांनी हिच्यावर बसावं आणि तिथून मला दोषी म्हणावं. बसून म्हटलं की मी मेंढेही आणते, ते शब्दही म्हणते."

कोणीही हलले नाही. पंचांची नजर एकमेकांच्या पायांवर. मागून कोणा बाईचा आवाज आला, "ओपान्यिन, बसा की! कापसावर बसल्यासारखं वाटतं म्हणे!"

अमान्क्वाला उठणे भाग पडले. त्याने खुर्चीचे दोन्ही हात धरले, बूड अर्ध्यावर आणले आणि थबकला. त्याच्या मांड्या थरथरत होत्या. सारा भार पायांवर होता, खुर्चीवर चिमूटभरही नव्हता.

"पूर्ण बसा!"

"असं तर मी हवेवरही बसतो!"

तो उठला. घाम पुसत आपल्या जागी परत गेला. एका माणसाने न बसून जो निवाडा दिला तो त्या दिवशी कोणा पंचाने बोलून दिला नाही.

नानांनी ओक्येमेला जवळ बोलावले आणि बराच वेळ हळू आवाजात बोलले. मग ओक्येमेने काठी टेकली. "नाना म्हणतात, गादीचं आसन घरी राहिलं, हा गादीचा प्रमाद. एक मेंढा नानांच्या घरून. ते आणलं नाही, हा आसनवाहकांचा. दुसरा मेंढा अमान्क्वाच्या घरून. अकुआ निर्दोष आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. निर्दोष ठरलेल्याच्या उजव्या दंडाला पांढरी माती फासण्याची आमची रीत आहे. एका वृद्धेने मातीचे भांडे आणले, बोटे बुडवली आणि अकुआचा हात धरला. अकुआने हात मागे घेतला.

"आजी, थांबा. ओक्येमे, नानांच्या कानी घाला. दोन मेंढे झाले. कारखान्याचा मेंढा कुठाय?"

"पोरी, तू सुटलीस. आता आणखी काय हवंय?"

"मी सुटले, पण धरलं कोणालाच नाहीत. नानांनी आपला प्रमाद बोलून दाखवला, ओपान्यिनचाही बोलला. ज्याने दगड दळून आमच्या बुडाखाली घातला, त्याचं नावही कोणी घेत नाही? माझा हात पांढरा करून मला घरी पाठवू नका. आधी ज्याचा हात काळा आहे त्याचं नाव घ्या."

एका पंचाने घसा खाकरला. "नाव कसं घेणार? याम कंदांच्या सुगीच्या उत्सवाला कारखान्यानेच मोठा तंबू दिला होता."

मला सांगा, या वाक्यावर काय करावे? एका बाईला मातीत बसवायला ही पंचायत तीन वाक्ये बोलून तयार झाली. आणि जिथे खरा अपराध होता तिथे तिला एका तंबूची सावली आठवली. न्यायासन म्हणतात ते हेच असेल, तर त्याच्याही मिश्रणात काय काय दळून घातले आहे ते एकदा पाण्यात टाकून पाहायला हवे. मी हे त्या दिवशी मनात म्हटले. आज लिहून ठेवतो.

नाना उठले. त्यांनी ओक्येमेची वाट पाहिली नाही. गादीवरचा पुरुष सभेत स्वमुखाने बोलतो हे आमच्यापैकी कित्येकांनी प्रथमच पाहिले. "तंबू परत पाठवा," ते म्हणाले. "दवंडी पिटा. नाव घेऊन. त्यांचा मेंढा येईपर्यंत दर बाजाराच्या दिवशी."

तेव्हा अकुआने हात पुढे केला.

दवंडी पिटली गेली. परंतु दवंडीचा आवाज कुमासीच्या काचांमधून आत जात नाही, हे अकुआला ठाऊक होते. तिच्याकडे त्या कारखान्याच्या नव्या खुर्च्यांची एक उंच चळत होती. तांको घेईना, आणि दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारायचे तिच्या मनातही आले नाही. तिने त्या कुमासीच्या रस्त्यावरच्या चौकात नेल्या आणि रस्त्याकडेला ओळीने मांडल्या, सगळ्या उलट्या, पाय आकाशाकडे. प्रत्येक खुर्चीच्या बुडाशी कारखान्याचे नाव साच्यातच उमटलेले असते. ते आता वर आले आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक वाहनातून वाचता येऊ लागले.

"काय झालं इथे?" त्रोत्रोतून लोक विचारीत.

"नाना पडले," चौकातली केंकीवाली सांगे. "हे ज्याचं नाव वाचताय ना, त्याने पाडले."

काही आठवड्यांनी चौकात एक गाडी थांबली. अडोटे उतरला. त्याने त्या ओळीकडे पाहिले आणि मग अकुआच्या दारात आला. या खेपेला त्याने मदाम म्हटले नाही.

"मामे, हे बरं दिसत नाही. मोठ्या साहेबांनी पाठवलंय मला. ह्या सगळ्या उचलून नेतो, सगळ्या बदलून देतो. चांगल्या. जुन्या मिश्रणाच्या."

"म्हणजे जुनं मिश्रण अजून करता येतं तर तुम्हाला."

तो ओशाळला. "हवं तर थोड्या जास्तच देतो."

"मेंढा आणलाय का?"

"मेंढा? मामे, आम्ही प्लास्टिकवाले! मेंढा कुठून आणू?"

"बाजारात मिळतो. जिवंत हवा, पांढरा चालेल. तो घेऊन नानांच्या अंगणात उभं राहायचं आणि म्हणायचं, दोष आमचा. दोन शब्द आहेत. मला पाठ करायला लावले होते; तुम्हालाही येतील."

"तसं मला बोलता येत नाही. उद्या प्रत्येक गाव मेंढा मागेल."

"मग मागू दे."

मला वाटते, अडोटेला ते दोन शब्द म्हणावेसे वाटत होते; पण ते शब्द त्याच्या पगारात नव्हते. अकुआने त्याला पाणी दिले. बसायला तिने आपली जुनी खुर्ची पुढे केली. त्याने हात लावून पाहिला, आणि उभ्यानेच पाणी प्यायला.

"बसा हो," अकुआ म्हणाली. "ही तुमच्या ह्या वर्षाच्या मालातली नाही."

तो बसला नाही. गाडीत जाऊन बसला, आणि गाडी कुमासीच्या दिशेने गेली.